लेन्समधून न पाहणारा कॅमेरा

लायका एम३ समोरून पाहिला तर लेन्सच्या वरच्या पट्टीत तीन खिडक्या दिसतात. एका टोकाला मोठी, मध्ये दुधी काचेची आणि दुसऱ्या टोकाकडे करंगळीच्या नखाएवढी. मोठ्या खिडकीतून समोरचं दृश्य थेट डोळ्यापर्यंत येतं. छोट्या खिडकीतून तेच दृश्य सुमारे सात सेंटीमीटर बाजूच्या जागेवरून आत शिरतं आणि अर्धपारदर्शक आरशावरून पहिल्या दृश्याच्या मधोमध एका उजळ चौकोनात येऊन बसतं. दुधी खिडकीचं काम साधं आहे, चौकटीच्या पांढऱ्या रेघा उजळत ठेवण्याचं. फोकस करायचा म्हणजे इतकंच, की मधल्या चौकोनात माणसाला दोन नाकं दिसत असतील तर लेन्सची कडी फिरवत राहायची आणि नाक एक झालं की थांबायचं.

अंतर मोजण्याच्या या युक्तीला रेंजफाइंडर म्हणतात, आणि ती अशा कॅमेऱ्यांहून जुनी आहे. तोफखान्यात आणि युद्धनौकांवर अशीच यंत्रं वापरात होती, फक्त त्यांच्या दोन खिडक्यांमधलं अंतर काही मीटर असे. दोन खिडक्या आणि समोरची वस्तू मिळून एक त्रिकोण होतो. पाया माहीत असतो, कोन मोजता येतो, म्हणजे अंतर कळतं. कॅमेऱ्यात हा कोन आकड्यांत वाचावा लागत नाही. लेन्स पुढे-मागे सरकते, तिच्या मागची कडा आतल्या एका दांडीच्या टोकावरचं चाक ढकलते आणि त्या दांडीमुळे छोट्या खिडकीतलं चित्र सरकतं. सगळी जोडणी यांत्रिक.

ऑस्कर बर्नाक या लायट्झ कंपनीतल्या तंत्रज्ञाने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर २४ × ३६ मिमीची चौकट घेणारा छोटा कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या आधीच बनवला होता. तो लायका या नावाने १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत आला, तेव्हा त्यात रेंजफाइंडर नव्हता. अंतर अंदाजाने लावायचं, नाहीतर वेगळं मोजणीयंत्र कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये लायका दोनमध्ये आला. त्याच वर्षी झाइस इकॉनने स्पर्धेत कॉन्टॅक्स उतरवला. पुढे १९३६ च्या कॉन्टॅक्स दोनमध्ये चौकट पाहण्याची आणि फोकस करण्याची खिडकी एकच झाली. लायकावाल्यांना मात्र एका छिद्रातून फोकस आणि शेजारच्या छिद्रातून चौकट, अशी डोळ्याची ये-जा १९५४ पर्यंत करावी लागली. एम३ आला आणि तो प्रश्न मिटला. त्यानंतरच्या सगळ्या यांत्रिक रेंजफाइंडरांची तुलना आजही एम३ शी होते, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

या कॅमेऱ्यांबद्दल भक्तिभावाने पुष्कळ लिहिलं जातं. त्यातलं बरंचसं बाजूला ठेवलं तरी चालेल. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे. हा कॅमेरा लेन्समधून पाहत नाही. त्याचे गुण आणि त्याचे जाच, दोन्ही इथूनच निघतात, आणि कोणता घ्यावा याचं उत्तरही इथेच मिळतं.

आधी गुण. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. बटण दाबलं की तो वर जातो, आवाज होतो, कॅमेरा थोडा हादरतो आणि नेमक्या त्या क्षणी डोळ्यासमोर अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही, त्यामुळे फोटो निघतो तो क्षण आपल्याला दिसत असतो. डोळा मिटला का, हात हलला का, हे तिथल्या तिथे कळतं. आवाज कमी, हादरा कमी, म्हणून १/१५ सेकंदाला हातात धरूनही फोटो निघतो. छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींना भेटला होता. त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली, आणि त्या रात्री फाटकाजवळ नेहरू लोकांना ती बातमी सांगत असतानाचा फोटो त्याने घेतला. अपुऱ्या उजेडातला, कडा सैल झालेला असा तो फोटो आहे. फ्लॅश नाही, तिपाई नाही, हातात लायका. या जातीचे कॅमेरे कोणत्या कामासाठी आहेत हे सांगायला मला त्याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

दुसरा गुण लेन्स बनवणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. आरशाला जागा द्यायची नसल्यामुळे लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. लायका एम माउंटमध्ये बसवणीच्या कडीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिमी आहे, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. २१ किंवा २८ मिमीची वाइड लेन्स एसएलआरसाठी करायची तर आरसा चुकवायला रचना लांबवावी लागते, काचा वाढतात, आकार वाढतो. रेंजफाइंडरची ३५ मिमी लेन्स मुठीत झाकली जाते आणि तिच्यात सरळ रेषा सरळच राहतात. जुनी वास्तू, वाड्याचा चौक, अरुंद गल्ली टिपणाऱ्याला हा फरक फिल्मवर लगेच दिसतो.

आता जाच. लेन्सची टोपी काढायची राहिली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख दिसतं. खिडकी लेन्सच्या वर आणि बाजूला असल्यामुळे जवळच्या वस्तूची चौकट सरकते. चांगल्या कॅमेऱ्यांत पांढऱ्या रेघा फोकसबरोबर तिरक्या सरकून हा फरक बराचसा भरून काढतात, पूर्ण नाही. फार जवळ जाताच येत नाही. जुन्या स्क्रू माउंटच्या लेन्स बहुधा १ मीटरवर थांबतात, नंतरच्या ०.७ मीटरवर. फुलं, दागिने, ताटातले पदार्थ हे ज्यांचे विषय आहेत त्यांनी हे प्रकरण इथेच मिटून एसएलआर घ्यावा. लांबच्या लेन्सचंही तेच. १३५ मिमीची चौकट व्ह्यूफाइंडरच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते आणि तिच्यापुढे बहुतेक रेंजफाइंडरांची मजल जात नाही. अभयारण्यातला वाघ किंवा मैदानातला फलंदाज हे याचं काम नव्हे. पोलरायझर फिल्टर लावला तर त्याचा परिणाम खिडकीत दिसत नाही. तो आधी डोळ्यासमोर धरून फिरवावा लागतो, कडीवरची खूण कुठे आली ते पाहावं लागतं आणि मग तशाच स्थितीत लेन्सवर चढवावा लागतो.

निवडताना पहिला आकडा पाहायचा तो पायाचा. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा जितकी लहान दिसते ते प्रमाण, हा झाला परिणामी पाया. तो जितका मोठा तितका फोकस नेमका. एम३ मध्ये प्रमाण ०.९१ आहे, त्यामुळे परिणामी पाया सुमारे ६२ मिमी येतो. ०.७२ प्रमाणाच्या एम६ मध्ये तो ५० च्या आसपास असतो. कोसिना कंपनीने जपानमध्ये बनवलेल्या झाइस इकॉन कॅमेऱ्यात सुमारे ५६. त्याच कोसिनाच्या फोग्टलेंडर बेसा आरमध्ये जेमतेम २५ आणि लायका-मिनोल्टाच्या १९७३ च्या छोट्या सीएलमध्ये १९. सीएल वाईट कॅमेरा नाही. तो ४० मिमी एफ/२ आणि ९० मिमी एफ/४ या लेन्ससाठी घडवला होता आणि त्यांना तो पाया पुरतो. पण त्याच सीएलवर ९० मिमी एफ/२ लावून १ मीटरवरचा चेहरा टिपायचा म्हटलं, तर फोकसमध्ये राहणारी पट्टी जेमतेम १३-१४ मिमी जाडीची. बुबुळ सापडलं तर नशीब.

मोठ्या प्रमाणाची एक किंमत असते. एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ५० मिमीची चौकट ऐसपैस दिसते, पण ३५ मिमीची चौकट त्यात नाहीच. ३५ वापरणाऱ्याने एम२, एम४ किंवा ०.७२ चा एम६ पाहावा. चष्मा असेल तर आणखी एक पायरी खाली यावं लागतं. चष्मा लावून ०.७२ च्या खिडकीत २८ मिमीची चौकट एका नजरेत मावत नाही, डोळा कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवावा लागतो. दुकानात कॅमेरा हातात आला की ही गोष्ट आधी पाहावी, नावलौकिक नंतर.

ज्याने कधी रेंजफाइंडर हाताळला नाही त्याने लायकापासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत जपानने लेन्स न बदलणारे, पण उत्तम लेन्सचे छोटे रेंजफाइंडर ढिगाने बनवले. कॅनॉनेट क्यूएल१७ जी-थ्री, ४० मिमी एफ/१.७. याशिका इलेक्ट्रो ३५, ४५ मिमी एफ/१.७. मिनोल्टा हायमॅटिक ७एस, ऑलिंपस ३५ एसपी आणि त्याहून चिमुकला ३५ आरसी. यांचं शटर लेन्सच्या आत पाकळ्यांचं असतं. त्याचा आवाज लायकापेक्षाही कमी, आणि फ्लॅश कोणत्याही वेगाला जुळतो. परदेशी गेलेल्या कुणी काका-मामाने आणलेला आणि पुढे कपाटात पडून राहिलेला असा एखादा कॅमेरा अनेक घरांत निघतो. तो आधी शोधावा.

त्यांची दुखणी ठरलेली आहेत. मागच्या झाकणाच्या कडेला लावलेला काळा फोम इतक्या वर्षांत डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो खरवडून नवा लावणं घरच्या घरी जमतं. इलेक्ट्रो ३५ मध्ये आत रबराचा एक तुकडा आहे, तो झिजला की एक्स्पोजर चुकायला लागतं. फिल्म पुढे नेणारी लिव्हर ओढताना आत ‘टक्’ असा ठळक आवाज आला तर तो तुकडा अजून काम करतो आहे. आवाज नसेल तर भाव पाडून मागावा. बॅटरीचं आणखी वेगळं. या पिढीतले बरेचसे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतले होते, आणि पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बंद आहेत. तिथे १.५ व्होल्टची अल्कलाइन बटण-बॅटरी घातली की मीटर खोटं बोलतो आणि निगेटिव्ह पातळ येतात. श्रवणयंत्रासाठी मिळणारी ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते. ती खाचेत नीट बसायला बाजूने एक कडी घालावी लागते, पण आकडा जवळपास बरोबर येतो. कॅनॉनेटमध्ये बॅटरी नसली तरी शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने लावून फोटो काढता येतात. इलेक्ट्रो ३५ मध्ये ती सोय नाही, बॅटरी संपली की एकच वेग उरतो.

लेन्स बदलायच्या आहेत आणि खिसा हलका आहे, अशांची वाट बहुधा सोव्हिएत कॅमेऱ्यांकडे जाते. खारकिव्हमधल्या, शिक्षणतज्ज्ञ मकारेन्को यांच्या नावाशी जोडलेल्या अनाथ मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून लायकाची नक्कल म्हणून फेड बनू लागला. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झोर्की आला. कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री तर युद्धाची भरपाई म्हणून जर्मनीतून उचलली गेली आणि कीव्हमध्ये त्याच रचनेचे कॅमेरे ‘कीव्ह’ या नावाने निघू लागले. हे कॅमेरे दणकट आहेत. पण एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात, म्हणून चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. झोर्की आणि फेडच्या बाबतीत एक नियम काटेकोर पाळायचा. शटरचा वेग बदलायचा तो शटर ताणल्यावरच. आधी बदलला तर आतली रचना बिघडू शकते. आणि कीव्ह हातात धरताना उजव्या हाताचं बोट सहज त्या छोट्या खिडकीवर येतं. मधला चौकोन एकाएकी नाहीसा झाला तर दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी बोट कुठे आहे ते पाहावं.

या फेड-झोर्कीवरच ‘लायका’ असं कोरून, सोनेरी मुलामा देऊन, जर्मन हवाई दलाची चिन्हं उमटवून विकण्याचा धंदा बरीच वर्षं चालू आहे. जुन्या बाजारात असा चकचकीत नग समोर आला तर लेन्स काढून आत पाहावं. फोकसच्या दांडीच्या टोकाला खऱ्या लायकात गोल चाक असतं, जुन्या फेड-झोर्कीत पाचरीसारखा घन तुकडा. विक्रेत्याशी वाद घालायची गरज पडत नाही.

कॅनॉन पी आणि कॅनॉन ७ या दोघांना मी सर्वांत सरस सौदा म्हणेन. दोन्ही लायकाचा ३९ मिमी स्क्रू माउंट घेतात, दोन्हींचा शटरचा पडदा धातूचा. तो चुरगळलेला दिसतो पण बहुधा व्यवस्थित चालतो. धातूच्या पडद्याला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. आरसा नसल्यामुळे लेन्समधून आलेलं ऊन थेट पडद्यावर पडतं. लेन्स अनंतावर आणि पूर्ण उघडी ठेवून कापडी पडद्याचा कॅमेरा दुपारी सूर्याकडे तोंड करून गळ्यात राहिला, तर भिंगाने कागद जाळावा तसं त्या पडद्याला भोक पडू शकतं. लायका, झोर्की, फेड या सगळ्यांना हे लागू आहे. उपाय सोपा. चालताना लेन्स खाली वळवावी किंवा अ‍ॅपर्चर एफ/१६ वर बंद ठेवावं. टोपी लावली तर ती काढायचं लक्षात राहायला हवं.

लायका घ्यायचाच असेल तर १९८४ पासूनचा एम६ सगळ्यांत सोयीचा. आत मीटर आहे आणि बॅटरी संपली तरी शटर चालतं. त्याच्यात एक खोड आहे. उजेड तिरका पडला की मधला चौकोन पांढरा पडून विरतो. डोळा किंचित हलवला की परत येतो. २००३ च्या एमपीत ही खोड काढली गेली. लायकाने २०२२ मध्ये एम६ पुन्हा बाजारात आणला. किमती मात्र कुणाला समजावून सांगण्यासारख्या नाहीत.

वापरलेला कॅमेरा दुकानात कसा पाहायचा, हे मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात काउंटरसमोर उभं राहून शिकता येतं. कॅमेरा हातात आला की लेन्स अनंतावर न्यावी आणि रस्त्याच्या पार टोकाची एखादी उभी कड धरावी, पाण्याच्या टाकीची किंवा मोबाइल टॉवरची. जितकी दूरची तितकी बरी, समोरच्या इमारतीची खिडकी नको. दोन प्रतिमा तिथे तंतोतंत एक व्हायला हव्यात. मग एक आडवी कड पाहावी. प्रतिमा वर-खाली सरकलेल्या असतील तर आडव्या रेषेवर लगेच दिसतं. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. दुरुस्त करायला महाग पडतो तो आतल्या आरशाचा उतरलेला पारा. तिथे मधला चौकोन इतका फिका दिसतो की उजेडात सापडत नाही. एक सेकंदाचा वेग लावून कानाने ऐकावं. शटर मध्येच अडखळून थांबत असेल तर वंगण आटलेलं आहे. मागचं झाकण उघडता येत असेल तर १/१००० ला शटर सोडून उजेडाकडे पाहावं. चौकटीची एक कड काळी राहिली तर पडदे बरोबर धावत नाहीत.

लेन्स पाहताना मोबाइलचा टॉर्च मागून धरायचा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं. साध्या उजेडात स्वच्छ दिसणारी काच टॉर्चमध्ये निराळी निघते. बारीक ओरखडे आणि थोडी धूळ यांना घाबरू नये, फोटोत ती दिसत नाहीत. धुकं मात्र चित्राचा जीव घेतं. जुन्या तेलाची वाफ आतल्या काचांवर बसून दुधी थर जमतो, लायट्झ आणि कॅनॉनच्या पन्नासच्या दशकातल्या लेन्समध्ये हे वारंवार दिसतं. वेळेत पुसलं तर जातं, फार काळ राहिलं तर काच कोरते. तिसरी गोष्ट बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्याला हिच्याशी कायमचा सामना आहे. चामड्याच्या मूळ केसमध्ये कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के दाखवणारा छोटा मापक, एवढं पावसाळ्याच्या आधी करावं. आणि कॅमेरा वापरात ठेवावा. उन्हात फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

कोणती लेन्स? पन्नास की पस्तीस हा वाद न संपणारा आहे. मी पस्तीसच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण मोजता येतं. ३५ मिमी लेन्स एफ/८ वर लावून फोकस ५ मीटरवर ठेवला तर साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३ मीटरवर ठेवला तर १.९ ते ७.३ मीटर. लेन्सवर कोरलेल्या खुणांवर हे वाचता येतं. म्हणजे बाजारात, घाटावर, पालखीच्या गर्दीत रेंजफाइंडर वापरायचीही गरज नाही. अंतर आधी लावून ठेवायचं, डोळ्याला कॅमेरा लावून फक्त चौकट पाहायची. ५० मिमीला हीच गोष्ट एफ/८ वर जमवायची तर फोकस १० मीटरवर न्यावा लागतो आणि स्पष्टता ५ मीटरपासून पुढे सुरू होते. माणसं तोवर चौकटीत बारीक झालेली असतात. कार्तिए-ब्रेसाँ बहुतांश ५० वरच काम करत असे, हे खरं. त्याचा डोळा आपल्याला उसना मिळत नाही.

एफ/१.४ आणि त्याहून उघड्या लेन्सचा मोह मात्र तपासून घ्यावा. आपल्या दुपारच्या उन्हात ४०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ वर १/५०० लागतो. हीच फिल्म एफ/२ वर वापरायची तर १/३२००० हवा, आणि यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं टोक १/१००० आहे. १०० आयएसओची फिल्म घेतली तरी १/१००० ला एफ/५.६ च्या पुढे उघडता येत नाही. पैसे मोजून घेतलेला तो उघडेपणा संध्याकाळनंतरच कामाला येतो. शिवाय अशी लेन्स व्ह्यूफाइंडरचा उजवा खालचा कोपरा झाकते. एफ/२ ते एफ/२.८ ची छोटी लेन्स, फोग्टलेंडर किंवा कॅनॉनची, दहापैकी नऊ जणांना आयुष्यभर पुरेल.

तरीही झोनार या रचनेबद्दल थोडं सांगायलाच हवं. लुडविग बेर्टेलेने ती तीसच्या दशकात झाइससाठी केली. तेव्हा काचांवर परावर्तन थोपवणारा लेप नव्हता. जितक्या काचा हवेला भिडत तितका उजेड आत उधळे आणि चित्र फिकं पडे. बेर्टेलेने काचा एकमेकींना चिकटवून त्यांचे तीनच गट ठेवले. लेप येण्याआधीच्या काळात एफ/१.५ ची लेन्स कॉन्ट्रास्ट टिकवून चित्र देऊ लागली ती यामुळे. सोव्हिएत ज्युपिटर-३ आणि ज्युपिटर-८ याच घराण्यातल्या. चेहरे टिपताना या लेन्स पूर्ण उघड्या असतील तर कडा मऊ ठेवतात आणि मागची पार्श्वभूमी विरघळवतात. दोष असा, की अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की फोकसची जागा थोडी मागे सरकते. रेंजफाइंडरला ते कळायचा मार्ग नाही, कारण तो लेन्समधून पाहत नाही.

लेन्सची अदलाबदल सोपी आहे. स्क्रू माउंटची लेन्स एम माउंटवर लावायला १ मिमी जाडीची कडी पुरते, कारण दोन्ही माउंटच्या फिल्मपासूनच्या अंतरात नेमका तेवढाच फरक आहे. फोकस अचूक राहतो. सोव्हिएत लेन्सचं तसं नाही. त्यांच्या फोकसचं गणित कॉन्टॅक्सच्या मापावर बेतलेलं आहे, लायकाच्या नाही. दूरचं बरोबर येतं, पण १-२ मीटरवर आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोकस हुकतो. एफ/५.६ वर फरक झाकला जातो. ३५ मिमीची ज्युपिटर-१२ घेताना आणखी सांभाळून, तिची मागची काच इतकी बाहेर आलेली असते की काही कॅमेऱ्यांत ती आतल्या भागांना टेकते. अडकते आहे असं वाटलं तर जोर करू नये.

रोल भरणं हे जुन्या लायका आणि पहिल्या फेड-झोर्कीमध्ये एक छोटं कसब आहे. मागचं झाकण उघडतच नाही, तळाची पट्टी काढून फिल्म खालून सरकवावी लागते. हल्लीच्या फिल्मची जीभ आखूड कापलेली असते. कात्रीने ती सुमारे १० सेंमी लांब करून घ्यायची, कापताना कडेच्या भोकातून कात्री जाऊ द्यायची नाही, नाहीतर फिल्म तिथे फाटते आणि तिचा तुकडा आत अडकतो. झाकण लावल्यावर फिल्म ताणायची. मग लिव्हर किंवा गुंडी फिरवताना डोळा डावीकडच्या रिवाइंड गुंडीवर ठेवायचा. ती उलटी फिरत असेल तर फिल्म खरोखर पुढे सरकते आहे. छत्तीस आकडा उलटून गेल्यावरही रोल संपत नसेल तर कारण आनंदाचं नसतं.

नव्याने हातात आलेल्या कॅमेऱ्याचा पहिला रोल तपासणीसाठी खर्च करावा, कितीही जिवावर आलं तरी. टेबलावर शाळेतली लाकडी पट्टी तिरकी ठेवायची, कॅमेरा तिपाईवर १ मीटरवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आणि फोकस १५ च्या खुणेवर. तीन फोटो घ्यायचे. दर वेळी लेन्स अनंतापर्यंत नेऊन पुन्हा फोकस करायचा, म्हणजे हाताची चूक वेगळी कळते. मग ३ मीटरवर गेटच्या गजांचे तीन, आणि दूरच्या टॉवरचे दोन. कोणता फोटो किती अंतराचा ते कागदावर लिहून ठेवावं. लॅबला स्कॅनबरोबर निगेटिव्हही परत द्यायला सांगायचं, काही ठिकाणी मागितल्याशिवाय मिळत नाहीत. निगेटिव्ह भिंगाखाली पाहिली की पट्टीवरचा कोणता आकडा सर्वांत धारदार आहे ते दिसतं. १५ ऐवजी १३ किंवा १७ आला, आणि तिन्ही फोटोंत तोच आला, तर यंत्र चुकतं आहे. दुसरी लेन्स उसनी मिळाली तर तीच परीक्षा तिच्यावर घ्यावी. दोन्ही लेन्स एकाच बाजूला चुकत असतील तर दोष कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरचा आहे आणि जाणकार दुरुस्तीवाला तो आतल्या स्क्रूने लावून देतो. एकच चुकत असेल तर लेन्स उघडून आतल्या पातळ कड्या कमी-जास्त कराव्या लागतात. दुकानात जाताना निगेटिव्ह आणि तो कागद बरोबर न्यावा. ‘फोकस बरोबर येत नाही’ एवढंच सांगितलं तर कॅमेरा महिनाभर कपाटात पडून राहतो. ‘एक मीटरला दोन सेंटीमीटर पुढे येतो, अनंत बरोबर आहे’ असं सांगितलं की समोरचा माणूस स्क्रूड्रायव्हर उचलतो.